आमचा जावई दुबईला असतो

माझ्या नवऱ्यानं विमान फक्त खालून पाहिलंय. तरी आमच्या गावात तो तीन वर्षं दुबईला होता. तिथं त्याला बढती मिळाली, एकदा कावीळ झाली आणि एका शेखानं त्याच्या कामावर खूश होऊन त्याला घड्याळ दिलं. हे सगळं त्या बिचाऱ्याच्या नकळत. तो त्या काळात खोपोलीत शिळफाट्याजवळच्या एका दुकानात पाण्याचे पंप दुरुस्त करत बसलेला असायचा.

त्याला दुबईला पाठवला माझ्या आईनं, आणि तोही एका वाक्यात.

मी घटस्फोट घेऊन माहेरी आले तेव्हाची गोष्ट. कडावच्या पुढं आमचं गाव. टमटम आमच्या आळीच्या तोंडाशी थांबली आणि मी दोन बॅगा, एक मिक्सर आणि कापसाची गादी घेऊन उतरले. गादी लग्नात आईनंच दिलेली होती आणि ती तिकडे ठेवायची माझी बिलकूल तयारी नव्हती. समोरच्या ओट्यावर थोरली काकी वाल निवडत बसली होती. ही माझी सख्खी काकी नव्हे, ती अख्ख्या आळीची काकी. गावातली एकही हळद तिच्याशिवाय लागत नाही. जात्यावर कुणाला बसवायचं आणि कुणाला नाही, हे ती डोळ्याच्या इशाऱ्यानं ठरवते, आणि तो इशारा सरपंचही मानतो.

"एकटीच आलीस गं?" काकीनं गादीकडं बघत विचारलं. "आन् जावई?"

मी खरं सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात आई मागून आली. तिची चतुर्थी होती, हातात खजुराचं पाकीट होतं. तिनं एकदा पाकिटाकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "दुबईला गेला. कंपनीनं धाडला."

पाकीट राजगिऱ्याच्या लाडवांचं असतं तर जावई कुठं गेला असता कोण जाणे.

आमच्या घटस्फोटात सांगण्यासारखं काही नव्हतं, हीच खरी अडचण होती. तो पीत नव्हता, मारत नव्हता, बाहेर त्याचं काही नव्हतं. त्याच्या आईला नातू हवा होता, मला नोकरी हवी होती आणि त्याला शांतता हवी होती. तिघांपैकी कुणालाच हवं ते मिळेना. शेवटी पनवेलच्या कोर्टात आम्ही दोघांनी सह्या केल्या, बाहेर येऊन उसाचा रस प्यायलो आणि आपापल्या वाटेनं गेलो. त्यानं दोन-चार वेळा बदडलं असतं तर आईला सोपं गेलं असतं. गावाला सांगायला काहीतरी हाती असतं. नुसतं पटलं नाही म्हणून नवरा सोडणारी मुलगी ही आमच्याकडं आजाराच्याही पलीकडची गोष्ट. तिला औषध नाही.

त्यात माझे बाबा पडले प्रतिष्ठित. ही प्रतिष्ठा म्हणजे नेमकं काय, हे मी लहानपणापासून शोधत आले आहे. पैसा म्हणावा तर तो आमच्याकडं नव्हता. बाबा कारखान्यातून निवृत्त झालेले, दोन खाचरं भाताची आणि एक म्हैस. शिक्षण म्हणावं तर तेही बेताचं. मग एकदा मांडवात मला उत्तर मिळालं. आमच्या भागात लग्नाच्या मांडवात पुढं पांढऱ्या खोळी घातलेले सोफे असतात, त्यामागं खोळवाल्या खुर्च्या, त्यामागं उघड्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या, आणि सगळ्यात मागं ज्यांना जेवून लगेच निघायचंय ती माणसं उभी. बाबा सोफ्यावर बसायचे. का, तर ते लग्नं जमवायचे. पोरगी बघायला जायचं तर बाबा, देण्याघेण्यावरून बिनसलं तर बाबा, नवरदेव रुसला तर बाबा. ज्या माणसानं तालुक्यातली निम्मी लग्नं जमवली त्याच्या स्वतःच्या मुलीचं मोडलं, म्हणजे हलवायाच्या घरी मुंग्यांनी उपास करण्यातली गत. सोफा गेलाच असता.

शिवाय घरात लग्नाची धाकटी बहीण होती. "तिचं होऊंदे, मंग काय तो डंका पीट," आई म्हणाली. मी मान डोलावली. वाटलं, सहा महिन्यांचा प्रश्न आहे.

पण खोट्याचं असं असतं की त्याला रोज चारा घालावा लागतो. आई कर्जतच्या बाजारातून खजूर आणायची, पाकिटावरची दुकानाची चिठ्ठी ओल्या फडक्यानं पुसून काढायची आणि आळीत वाटायची. "जावयानं धाडलेत." एकदा अत्तराची बाटली वाटायला काढली, ती निघाली देव्हाऱ्यातली. बायका विचारायच्या, "तिकडं आता किती वाजलं असतील गं?" आई ठोकून द्यायची, "रात झाली असंल." भर दुपारी. मी एकदा तिला नीट सांगितलं की आपल्या वेळेतून दीड तास वजा कर. तर म्हणाली, "यवढ्याश्या फरकासाठी यवढ्या लांब कशाला गेला मंग?"

बाबा मात्र कधी खोटं बोलले नाहीत. कुणी जावयाचं विचारलं की ते कान खाजवायचे आणि "हां" म्हणायचे. या एका "हां"वर त्यांनी तीन वर्षं काढली.

मी खालापुरात तहसील कचेरीसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात लागले. ऑनलाइन अर्ज भरून देणं, सातबारा काढून देणं, असली कामं. सकाळी गावातून निघताना गळ्यात मंगळसूत्र, पळसदरी मागं पडली की ते काढून डब्याच्या पिशवीत. संध्याकाळी पळसदरी आली की परत गळ्यात. एसटीचा कंडक्टर सगळं बघायचा पण बोलायचा नाही. एकदा घाईत मंगळसूत्र सरळ भाजीच्या डब्यात पडलं. त्या संध्याकाळी एका घरी केळवण होतं, आणि मी सौभाग्याचं लेणं घालून बसले होते ते सुक्या बोंबलाच्या वासाचं. शेजारची वहिनी सारखी वास घेत इकडंतिकडं मांजर शोधत होती.

शिळफाट्यावर बस थांबली की कधी कधी तो दिसायचा. हातात पिशवी, भाजीवाल्याशी घासाघीस. मी खिडकीतून हात करायची, तोही करायचा. संसारात होता त्यापेक्षा आमचा संबंध आता फार बरा होता. आणि तो फक्त मलाच दिसत होता असंही नाही. एकदा माझे चुलते खोपोलीहून आले आणि पाणी पिता पिता आईला म्हणाले, "वयनी, आज शिळफाट्याला मेथी घेताना एक मानूस बगितला. डिट्टो आपला जावई. जुळा भाऊ हाय का काय त्याला?"

"असंल," आई म्हणाली. "दुनियेत सात मानसं एकासारखी असत्यात."

"तेच म्हनलं मी," चुलते म्हणाले आणि उरलेलं पाणी पिऊन गेले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण मी हसले. मला वाटलं, काय भोळी माणसं आहेत आमची.

या सगळ्यात मला एकच गोष्ट मनापासून आवडायची, आणि तीच मला टोचायची. हळद. आमच्याकडं आता हळद दुकानातून तयार येते, संध्याकाळी डीजे लागतो, निवेदक माइकवरून पुढाऱ्यांची नावं घेऊन घेऊन घसा बसवतो. पण सकाळी अजूनही जातं मांडतात. त्याला आंब्याची डहाळी आणि हळकुंड बांधतात, आणि पाच सवाष्णी बसून मूठमूठ हळद दळतात. काकी गाणं धरते, मागून सगळ्या. दळताना खुंट्यावर हातावर हात पडतात, कुणाच्या बांगड्या कुणाच्या मनगटावर वाजतात, आणि सकाळी सकाळी इतके चावट विनोद होतात की पुरुषांनी ऐकले तर मांडव सोडून पळतील. त्या जात्यावर मला नेहमी बोलावणं असायचं. दुबईवाल्याची बायको म्हणजे नशीबवान हात. विधवेला तिथं जागा नाही, टाकलेलीला नाही. मी मात्र बसायची, बोंबलाच्या वासाचं मंगळसूत्र घालून. प्रत्येक वेळी वाटायचं, आत्ता कुणीतरी माझा हात धरून उठवणार.

एका दिवाळीत माझा बांध फुटला. मी आईला म्हटलं, "बस झालं. मी उद्या काकीला जाऊन सांगते. मी काही चोरी केलेली नाही."

आई चकल्या पाडत होती. सोऱ्या न थांबवता म्हणाली, "सांग की. पर तुला तुज्या भयनीला हळद लावायची हाय का नाय? येवढंच मला सांग."

बहीण माझ्याहून आठ वर्षांनी लहान. तिला मी कडेवर घेऊन वाढवलेली. तिच्या हळदीत दाराआडून बघत उभं राहायचं, हे मला जमणार नव्हतं. आई कडू बोलत होती पण खोटं बोलत नव्हती. त्या दिवशी मी प्रतिष्ठेला एवढ्या शिव्या घातल्या की चकल्या तेलात विरघळल्या. आई म्हणाली, मोहन जास्त झालं.

शेवटी बहिणीचं जमलं. मुलगा खोपोलीकडचा. आमचा एक चुलत भाऊ नुकताच पुढारी व्हायला लागला होता. प्रत्येक पुढाऱ्याला सुरुवातीला बॅनरची खाज असते तशी त्यालाही होती. वऱ्हाड शिळफाट्यावरून येणार म्हणून त्यानं तिथं चौकात भलामोठा बॅनर लावला. वर नवरा-नवरी, खाली शुभेच्छुकांचे चौकोनी फोटो, आणि सगळ्यांत मोठा फोटो 'दुबईस्थित उद्योजक' जावयाचा. फोटो आमच्याच लग्नातला. मला त्यातून कापलं होतं, पण त्याच्या खांद्यावर माझी चार बोटं तशीच राहिली होती. फेटा काढून बॅनरवाल्यानं त्याला कोट घातला होता आणि डोळ्यांवर काळा गॉगल.

मला त्याचा फोन आला. "मी दुबईला कधी गेलो गं?"

मी हात जोडून सगळं सांगितलं. फोनवर हात जोडलेले दिसत नाहीत, तरी जोडले. म्हटलं, दोन दिवस कळ काढ, वऱ्हाड गेलं की काढायला लावते.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "राहू दे. आई सकाळपासून दोनदा बघून आली. गॉगल चांगला दिसतो म्हणते."

हळदीच्या सकाळी ओसरीत जातं मांडलं. काकी मध्ये, आम्ही पाच भोवती. बहीण पाटावर बसून माझ्याकडं बघत होती. मी खुंट्याला हात घालणार तेवढ्यात पाहुण्यांतली एक बाई, खोपोलीहून आलेली, मोठ्या आवाजात म्हणाली, "बॅनरवरचा तो गॉगलवाला तुमचा जावई काय? अवं, तो तर आमच्या गल्लीत राहतो. परवा नळावरून भांडला माझ्याशी!"

आई दारात परात घेऊन उभी होती, तिनं ती तिथंच खाली ठेवली. माझा हात खुंट्यावरून आपोआप मागं आला. मी उठायला लागले. कुणी उठवण्याआधी आपणच उठलेलं बरं.

काकीनं माझं मनगट धरलं आणि खाली ओढलं.

"भांडकुदळ मानसं काय फक्त खोपोलीतच असत्यात?" ती त्या बाईला म्हणाली. "दुबईत पन असत्यात. अन् एकाच तोंडाची सात असत्यात. तुमी च्या घ्या." मग माझ्या हातावर आपला हात दाबून म्हणाली, "चल गं, हात चालव. हळद वाट बगते."

आणि तिनं गाणं धरलं. बाकीच्या चौघींनी असं उचललं की त्या बाईला पुढचं काही बोलताच आलं नाही. मी एकीएकीकडं बघत होते. एकीच्याही तोंडावर आश्चर्य नव्हतं. एकीनं तर मला डोळा मारला.

बहिणीला मी हळद लावली. तिच्या गालांवर, कपाळावर, हातापायांवर. इतकी रडले की हळद पातळ झाली.

पाठवणी झाल्यावर मी काकीच्या ओट्यावर जाऊन बसले आणि विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू टमटममधून उतरलीस तवापासून," काकी म्हणाली. "नवरा दुबईला गेलेली बाय गादी घिऊन म्हायेरी येत नाय."

"मग तीन वर्षं बोलली का नाहीस?"

"तुजी आय दुबय म्हनली नसती तर तुला जात्यावर बशीवली कशी असती? खरं सांगितलं असतंस तर मला उठवावी लागली असती. नेम हाय. मला काय हौस हाय गं तुला उठवायची?"

मला तिचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी तिचं वालाचं सूप उचलून अंगणात फेकावंसं वाटलं. अख्ख्या गावाला माहीत होतं. चुलत्यांना माहीत होतं. खजूर खाणाऱ्या प्रत्येक तोंडाला माहीत होतं की हा कर्जतच्या बाजारातला खजूर आहे. आणि मी तीन वर्षं पळसदरीला गळ्यातलं काढत-घालत होते. नेम मोडायची कुणाची छाती नव्हती, आणि मला उठवायचीही कुणाची छाती नव्हती. मग सगळ्यांनी मिळून माझ्या नवऱ्याला दुबईतच राहू दिलं. याला प्रतिष्ठा म्हणतात म्हणे. मला तर हे अख्ख्या गावानं मिळून पांघरलेलं एक गोधडं वाटलं, आतून सगळे उघडेच.

आई म्हणाली, "आता सांग हवं तर. धाकटीचं झालं." मी काही सांगितलं नाही. एक तर सांगायला कुणी उरलं नव्हतं. आणि खरं म्हणजे मला जात्यावर बसायची चटक लागली होती.

यंदा आमच्याच आळीत, तीन घरं सोडून, एक हळद होती. नवरीची थोरली बहीण गेल्या पावसाळ्यात परत आलेली. नवऱ्यानं बदलापुरात दुसरं घर केलं, हिला घराबाहेर काढलं. तिची आई साधी बाई. तिनं ज्या दिवशी पोरगी आली त्याच दिवशी नळावर सगळ्यांसमोर रडून खरं ते सांगून टाकलं. झालं. खरं एकदा नळावर सांडलं की ते भरून घेता येत नाही. पोरीला त्यानंतर कुठल्या हळदीला बोलावणं नाही. तिनं चिडून मंगळसूत्रही तोडून टाकलेलं.

त्या सकाळी जातं मांडलं. पाच जणी बसलो. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हातात पानसुपारीचं ताट, नजर सगळी पाटावरच्या बहिणीवर. मी त्या चौकटीला ओळखत होते. तिथं उभी राहिले नव्हते, पण तीन वर्षं रोज स्वतःला तिथं उभी केलेली होती.

मी खुंट्यावरचा हात काढला. "काकी, हिला बसव. नवरीची बहीण आहे."

बायका जमिनीकडं बघायला लागल्या. काकी हळू आवाजात म्हणाली, "कशी बशवू गं? तुला ठाव हाय ना?"

"काय ठाऊक आहे? तिचा नवरा दुबईला गेलाय. माझ्याच नवऱ्यानं नेला."

पोरगी तोंड उघडून म्हणाली, "तो कुठं दु—" मी उठून तिच्या दंडाला असा चिमटा काढला की पुढचा शब्द आतच राहिला.

"कंदी गेला?" काकीनं विचारलं. तोंडावरची रेघ हलली नाही.

"गेल्या पावसाळ्यातच. घाईत गेला. हिलासुद्धा नीट सांगितलं नाही, म्हणून तर हिच्या आईचा घोटाळा झाला."

काकी माझ्याकडं बघत राहिली. मग ती पोरीच्या रिकाम्या गळ्याकडं बघून म्हणाली, "मोकळ्या गळ्यानं?"

मी माझं मंगळसूत्र काढलं आणि तिच्या गळ्यात घातलं. कोपऱ्यातून कुणीतरी "अगं बाय" म्हणालं.

"आन् तुजा?" काकीनं विचारलं.

"माझा आला परत," मी म्हटलं. "कायमचा. शिळफाट्याला असतो."

काकीनं मान हलवली. मग ती जरा सरकली, पोरीसाठी जागा केली आणि म्हणाली, "मंग हुबी काय रायलीस गं? बस. हळद वाट बगते."

गाणं सुरू झालं. मी चौकटीपाशी ताट धरून उभी राहिले. तिनं बहिणीला हळद लावली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले.

त्यानंतर आळीत दोन हळदी झाल्या. मला जात्यावर बोलावणं आलं नाही. काकी दोन्ही वेळा स्वतः येऊन म्हणाली, "च्या कराया ये गं, तुज्या हातचा च्या चांगला असतो." वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. बाबा अजून सोफ्यावर बसतात, पण आता कडेच्या. पळसदरीला मी नुसतीच खिडकीबाहेर बघते. कंडक्टरनं एकदा विचारलंच, "ताई, आज काय इसरलं का?"

पोरीला मात्र दोन्ही हळदींना बोलावणं होतं. परवा संध्याकाळी ती आमच्या ओट्यावर आली. हातात खजुराचं पाकीट, त्यावरची चिठ्ठी नीट पुसलेली.

"ताई, बायका इचारत्यात," ती हळूच म्हणाली, "तिकडं आता किती वाजलं असतील?"

"दीड तास वजा कर," मी म्हटलं. "आणि मंगळसूत्र भाजीच्या डब्यात ठेवू नकोस."